सासूच्या शिव्या, जावयाच्या अक्षरात

७ एप्रिल, रविवार

पोरी, ही पानं हातात पडली की तू आधी चष्मा शोधशील. शोधू नकोस, तो इथे फ्रिजवर आहे. जाताना विसरलीस. छत्रीही विसरलीस. नवराही विसरून गेलीस, पण त्याची तक्रार नाही, तो आपलं आपण वाढून घेतो. "आई, रोजनिशी ठेव, फोनवर तुम्ही दोघं नुसतं ठीक ठीक म्हणता," असं बजावून तूच गेलीस, एवढं तरी आठवतंय ना? की तिकडच्या पेशंटांना सुया टोचता टोचता तेही गेलं?

आणि मला अक्षरओळख नाही, हे तर तू ठरवतानाच विसरली होतीस. घरात लिहिता येणारा माणूस एकच. तेव्हा मी सांगते आणि जावई लिहितात. अट अशी की बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं आणि शेवटी वाचून दाखवायचं. मघाशी पहिल्यांदा वाचलं ते फार लवकर संपलं. मी म्हटलं, "जावईबापू, मी चहा थंड होईपर्यंत बोलले आणि तुम्ही एका दमात वाचून मोकळे? माझी बाकीची वाक्यं कुठे गेली?" आता सगळं पुन्हा लिहितायत. मान खाली आहे, कान लाल आहेत.

तर आज आपण तीन गोल खाल्ले. आपण म्हणजे कोण, असं विचारशील, म्हणून सांगते: ज्या संघाचा तुझा नवरा कोच आहे आणि ज्याच्यापायी तुझ्या बापाने मला लग्नानंतर पहिल्यांदा घराबाहेर नेलं, तो संघ. बापाची जागा सगळ्यात खालची पायरी, कुंपणाला लागून. तीच माझी. तिथून सगळं दिसतं, हेच दुखणं आहे.

गोलकीपरचं नाव मी चाळण ठेवलंय. चाळणीत निदान कोंडा तरी राहतो. त्याच्यापुढे तो उंच बचाववाला, तो कपाट. भिंतीला लावून ठेवावा तिथेच उभा. समोरचे लोक त्याला वळसा घालून जातात, आपण घरात जातो तसे. आणि सगळ्यात पुढे नवरदेव. केस चापूनचोपून, बूट लखलखीत, चेंडू कुणीतरी वाजतगाजत आणून पायाशी ठेवेल म्हणून खोळंबलेला.

जावई लिहिता लिहिता म्हणाले, "आई, त्याचा गुडघा दुखावलाय. कपाटाचा."

"मग दवाखान्यात उभा करा. मैदानात कशाला?"

त्यांनीही कपाट म्हटलं, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात. आपण खालून तिसरे. चार सामने उरलेत. खाली गेलो की मालक पहिलं काम काय करणार, तर तुझ्या नवऱ्याला घरी बसवणार. मालक गाद्या विकतात. माणसांना आडवं करण्याचा त्यांचा धंदाच आहे.

१० एप्रिल, बुधवार

जावई जेवताना बोलत नाहीत. ताट सरकवतात आणि माझ्या बरण्यांची झाकणं टेबलावर मांडून बसतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. अकरा झाकणं तिथे, आणि माझ्या साखरेत मुंग्या. आज विचारलं, "यातलं नवरदेवाचं झाकण कुठलं?" त्यांनी दाखवलं. मी ते उचलून बरणीला लावलं. म्हटलं, "इथे निदान काही कामाला येईल."

उरलेली झाकणं मोजून म्हणाले, "दहा जणांनीच खेळू म्हणता?"

"आत्ता तरी किती खेळतात?"

हसले. पुष्कळ दिवसांनी. पण जेवले अर्धंच.

१४ एप्रिल, रविवार

आज लिहायचं काही नाही. हरलो. हवा बरी होती.

जावई पेन धरून बसलेत. "एवढंच?" म्हणतात. एवढंच. "नवरदेवाबद्दलही नाही?" नाही. ताप आहे का बघायला कपाळाला हात लावणार होते, मग सासू आहे हे आठवलं आणि नुसतंच थर्मामीटर पुढे केलं. ताप नाही. मला झोपायचंय, आणि हे वाचून दाखवायची गरज नाही.

२२ एप्रिल, सोमवार

काल लिहिणं झालं नाही. जावई आले, आंघोळ केली, दार लोटून घेतलं. जेवणाला हाक मारली तर, "भूक नाही, आई." आज मीच म्हटलं, "बसा. आज सांगायचं ते तुम्हाला आवडायचं नाही, पण लिहिणारे तुम्हीच आहात, माझा इलाज नाही."

पोरी, कालच्या आधीच्या रविवारी सामना हरल्यावर आम्ही पायरीवरची मंडळी चहाच्या टपरीपाशी जमलो होतो. न्हावी म्हणत होता, तिकिटं फाडून मैदानात टाकू. कंडक्टर म्हणत होता, पुढच्या वेळी कुणी यायचंच नाही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "घरी बसलात तर त्यांना काय कळणार? तिकीट काढून यायचं, आणि शिट्टी झाली की पाठ फिरवून उभं राहायचं. पहिली दहा मिनिटं. बघण्यासारखं काही नाही, तर बघायचं नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "आजी, वा!" कंडक्टरने माझ्या चहाचे पैसे दिले. पोरी, या वयात कुणी वा म्हटलं की माणूस फुगतो. मीही फुगले.

इथे जावयांचं पेन थांबलं.

"ही कल्पना तुमची?"

"माझी."

"मला वाटलं, त्या कंडक्टरची."

"त्याला एवढं कुठलं सुचायला!"

पेन परत चालू झालं. तुझ्या नवऱ्याचं एक आहे, हातात घेतलेलं काम सोडत नाही. उपयोग होवो न होवो.

तर काल शिट्टी झाली आणि अख्खा स्टँड उठून मागे वळला. मागे कोणती भिंत आहे माहीत आहे ना? मालकाच्या गादीची जाहिरात. एक बाई गालाखाली हात घेऊन गाढ झोपलेली. एवढी सगळी जिवंत माणसं त्या बाईकडे तोंड करून उभी, जशी काही तिला उठवायला आलोय. आधी हसायला आलं. मग जरा कंटाळा आला. आणि मग पाठीमागे काहीतरी झालं.

आवाज नाही, आवाज बंद झाला. पलीकडे पाहुण्या संघाचे लोक ढोल बडवत होते, ते एकदम गप्प.

"खाल्ला आपण," कंडक्टर म्हणाला.

"खाल्ला असता तर ते नाचले नसते का?" न्हावी म्हणाला. "ते गप्प आहेत. म्हणजे…"

"म्हणजे काय?"

"म्हणजे आपण केला की काय?"

"शक्य आहे का?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांनाच पटलं.

दहा मिनिटं व्हायची होती. वळायचं कसं? ठरलं म्हणजे ठरलं. सगळे एकमेकांना डोळ्यांनी विचारतायत आणि मान मात्र एकाचीही हलत नाही. तेवढ्यात अगदी माझ्यामागे, कुंपणाशी, धपाधप पावलं आणि एक ओरडणं. माणूस आनंदाने वेडा झाल्यावर ओरडतो तसं. मी मान तिरकी केली.

कपाट होता. दोन्ही हात पसरून, तोंड उघडून, कुंपणापर्यंत धावत आलेला. आणि समोर आमच्या पाठी. कपाटाची दारं मिटावीत तसे त्याचे हात हळूहळू खाली आले. मग तो वळला आणि लंगडत आपल्या जागेवर गेला.

आम्ही वेळ झाल्यावर पुन्हा तोंड फिरवलं, टाळ्या वाजवल्या, घसे फोडले. पण त्यानंतर आपली पोरं कुणाच्या मयतीला आल्यासारखी खेळली. दोन खाल्ले. हरलो.

एवढं सांगून मी थांबले. जावयांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "दिसलं मला. पिवळा स्वेटर. सगळ्यात खालच्या पायरीवर."

"तो तुमच्या बायकोचा आहे. विसरून गेली."

"म्हणून तर ओळखला."

मी एवढी बुटकी, एवढ्या गर्दीत. मला वाटलं होतं, दिसायची नाही.

मग मी विचारलं, "गोल कसा झाला?"

"काय?"

"अहो, आमच्यापैकी एकानेही पाहिला नाही. न्हावी म्हणतो डोक्याने, कंडक्टर म्हणतो चुकून. भांडणं चालली आहेत. तुम्ही सांगा."

मला वाटलं, उठून जातील. उठले, पण झाकणं आणायला. टेबलावर मांडली. म्हणाले, कॉर्नर होता, नवरदेवाने मारला, आणि नेहमीसारखा सगळ्यांच्या डोक्यांवरून पार पलीकडे. गेला म्हणून सगळे परत फिरले. कपाट तर कधीचाच आपल्या गुडघ्याला घेऊन परत निघाला होता. पण चेंडू खांबाला लागला आणि उलटा आला, नेमका त्याच्या मागून. "त्याला सरळ मारायला वेळच नव्हता, आई. तो पडता पडता वळला आणि डाव्या पायाने मारला. डाव्या! डाव्या पायाने तो धड जिना उतरत नाही! आणि चेंडू असा…" इथे जावयांनी पाय उचलून दाखवला आणि स्टूल पाडलं. "…असा वर गेला, खाली आला, आणि आत. त्यांचा गोलकीपर हललासुद्धा नाही."

"हेही लिहा."

"मीच बोललो ते मीच लिहू?"

"लिहा. नाहीतर तो गोल कुठेच राहायचा नाही."

त्यांनी स्टूल उचललं आणि लिहिलं. पोरी, इतकी वर्षं त्या पायरीवर बसले, पण इतका सुंदर गोल मी कधी ऐकला नव्हता.

२५ एप्रिल, गुरुवार

रेडिओ बिघडला म्हणे. परवापर्यंत खणखणीत बोलत होता. जावयांनी काल दुरुस्तीला दिला.

ते नेहमीच्या वेळी डबा घेऊन जातात, नेहमीच्या वेळी येतात. बूट मात्र दोन दिवस स्वच्छ. मी म्हटलं, "हल्ली गवतावर पाय ठेवत नाही वाटतं? मोठे कोच झालात, खुर्चीत बसून शिकवता?"

"हो," म्हणाले. "बाकावर बसून."

आणि हे लिहिताना हसतायत. हसण्यासारखं मी काय बोलले, देव जाणे.

झाकणं सगळी आपापल्या बरण्यांवर आहेत. मुंग्या गेल्या. आज त्यांनी आपणहून मला वाटाणे सोलून दिले, आणि म्हणाले, "आई, या रविवारी येऊ नका मैदानावर. पायऱ्यांनी तुमचे गुडघे दुखतात."

"मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसते. चढायचं काय त्यात?"

त्यावर वाटाण्याची सालं गोळा करायला लागले. माझी माया आली असेल. यायला उशीर केला, पण आली.

२८ एप्रिल, रविवार

गेलेच मी. मला येऊ नका म्हटलं की मी येते, हे तुझ्या बापाने पहिल्या वर्षात ओळखलं होतं.

पायरीवर बसले आणि रेषेकडे पाहिलं, तर तिथे जावई नाहीत. एक सुटातला माणूस. केसांना तेल, हातात फाईल. सामना बघायला आलाय की लग्न ठरवायला, कळेना.

चहावाल्याला विचारलं, "हा कोण?"

"नवा कोच. आजी, तुम्हाला माहीत नाही? तुमच्या घरातलीच गोष्ट! जावयांना बुधवारीच काढलं. मालक रेडिओवर बोलले ना."

"काय बोलले?"

चहावाला कप पुसत बसला. पुसलेलाच कप.

"बोल की!"

"म्हणाले, प्रेक्षकांनीच त्यांच्याकडे पाठ फिरवली, तिथे मी काय करणार."

म्हणून रेडिओ बिघडला.

मी चहा घेतला नाही. मागे वळून वर पाहिलं. सगळ्यात वरच्या पायरीवर, त्या झोपलेल्या बाईच्या कोपराखाली, टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस एकटा बसला होता. टोपी कुणाचीही असेल, बसणं ओळखू येतं.

चढले. अख्खा स्टँड चढले. प्रत्येक पायरीवर गुडघ्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथे सांगत नाही, कारण ते मलाच लागू होतं.

"आई! गुडघे…"

"गप्प बसा आणि सरका."

सरकले. मी दम घेतला. मग विचारलं, "डब्याचं काय करत होतात?"

"बागेत बसून खात होतो." मग टोपी जरा वर करून म्हणाले, "चांगला असतो तुमचा डबा. घाईत कधी कळलंच नव्हतं."

मी पदराने चष्मा पुसला. चष्मा माझा नाही, तुझाच. नुसता लावून येते, रुबाब दिसतो.

सामना सुरू झाला. आधी जावई हात मांडीखाली दाबून बसले होते. मग सुटातल्याने कपाटाला बाहेर काढलं. झालं! जावई उठून उभे राहिले आणि जे तोंड सुटलं! त्या सुटापासून सुरुवात केली, मग तेल, मग फाईल, मग नवरदेवाचा भांग, चाळणीची भोकं. पोरी, मी थक्क. सगळ्या स्टँडमध्ये सगळ्यात वाईट तोंड तुझ्या नवऱ्याचं. हे सगळं इतके दिवस कुठे कोंबून ठेवलं होतं? पुढचे लोक वळून बघायला लागले, ओळखलं, आणि कंडक्टरने जागा करून दिली. म्हणाला, "साहेब, खाली या, इथून त्यांना नीट ऐकू जाईल."

बरोबरी झाली. गोल नाही कुणाचा. आता शेवटच्या सामन्यावर सगळं.

जावयांनी ओरडताना वापरलेले काही शब्द लिहायला नकार दिलाय. स्वतःचेच शब्द! मी जागा सोडायला सांगितली आहे. तू आलीस की मी तोंडी सांगेन.

३० एप्रिल, मंगळवार

आज मालकाच्या दुकानात गेले. जावयांना आत्ता कळतंय, लिहिताना. पेन टेबलावर ठेवलं होतं, मी पुन्हा हातात दिलंय.

दुकानात खुर्ची नाही, नुसत्या गाद्या. एकीवर बसले तर पाय अधांतरी. मालक आले, "बसा, बसा, ही आमची सगळ्यात मऊ."

"कळलं," मी म्हटलं, "तुमचे खेळाडू असे का झालेत."

मग मी सरळ सांगितलं: पाठ फिरवायचं डोकं माझं. जावयांकडे नाही फिरवली, खेळाकडे फिरवली. आणि तोंडं कुठे होती आमची? तुमच्या जाहिरातीकडे. दहा मिनिटं अख्खा गाव तुमची गादी बघत होता, त्याचे खरं तर तुम्ही आम्हाला पैसे देणं लागता.

मालक हसले. माणूस वाईट नाही, पोकळ आहे, कापसाचा धंदा. म्हणाले, "आजी, तुमचं बरोबर असेल. पण झालं ते झालं. मला कुणालातरी काढायचंच होतं. तुम्ही कारण दिलंत, एवढंच."

मला उठायचं होतं आणि गादीतून उठता येईना. त्यांनीच हात दिला. तो घ्यावा लागला, याचा राग मला घरी येईपर्यंत पुरला.

हे ऐकून जावई म्हणाले, "आई, तुम्ही माझ्यासाठी गेलात?"

"उशी बघायला गेले होते," म्हटलं. "महाग होती."

५ मे, रविवार

हरलो. खाली गेलो.

चाळणीने खाल्लेला गोल असा होता की चेंडूलाच लाज वाटली असावी, तो रेषेवर जरा थांबला होता. नवरदेव शेवटची शिट्टी होताच निघून गेला, घामसुद्धा आला नव्हता. सुटातल्याने फाईल मिटली.

कपाट मात्र कुंपणापाशी आला. या वेळी हात पसरले नव्हते, नुसताच उभा राहिला. आम्ही सगळे समोर तोंड करून होतो. जावई खालच्या पायरीवर, माझ्या शेजारी होते; ते कुंपणावरून वाकले आणि त्याला म्हणाले, "डावा पाय, अं?" त्याने मान हलवली. तोही हसला असं न्हावी म्हणतो. मला चष्म्यातून काही नीट दिसत नव्हतं.

९ मे, गुरुवार

काल मालकांचा फोन आला. सुटातला गेला, खालच्या लीगमध्ये उभं राहणं त्याच्या सुटाला शोभत नाही म्हणे. कुणी यायला तयार नाही. तेव्हा आता आठवण झाली तुझ्या नवऱ्याची.

जावई "विचार करून सांगतो" म्हणाले आणि टेबलाशी येऊन बसले.

"आई, काय करू?"

"कोण कोण राहतंय?"

"नवरदेवाला दुसऱ्या संघाने नेलं."

"त्या संघाचं वाटोळं होवो. चाळण?"

"आहे."

"अरे देवा. आणि कपाट?"

"तो म्हणाला, तुम्ही असाल तर आहे."

ते झाकणांकडे बघत होते. बरणीवरच्या, उचलली नव्हती.

"तुम्ही येणार का, आई? पायरीवर?"

"येणार. शिव्या देणार."

"ते ठाऊक आहे."

"पण तोंडावर देणार. पाठ नाही फिरवणार. आता आपण इतके खाली गेलोय की मागे वळून बघायला तरी काय आहे? ती झोपलेली बाई!"

ते उठले, फोन केला, "हो" म्हणाले. मग माझ्या साखरेचं झाकण काढून टेबलावर ठेवलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

तर पोरी, हे असं आहे. फोनवर तू "सगळं ठीक?" म्हणालीस तेव्हा आम्ही दोघांनी एका सुरात "ठीक" म्हटलं होतं, ते खोटं होतं. आता रागव. लांब आहेस तोवर रागवून घे. ही पानं तुझ्या हॉस्पिटलातली मैत्रीण उद्या घेऊन जाईल. महिन्याने तीच परत येणार आहे, तिच्या हाती खायला काहीतरी पाठव. बदाम पाठव, बिनमिठाचे. खारवलेले मुळीच नकोत. खारवलेल्यांनी तहान लागते, सामना अर्धा टाकून चहाला उठावं लागतं, आणि आमच्याकडे गोल वर्षातून एकदाच होतो.